क्लुस्का आणि ईस्टरची टोपली

क्लुस्काने काकडी हुंगली, तोंड फिरवलं आणि ती पुन्हा गवतात जाऊन बसली. बोगुमिलने काकडी पुन्हा तिच्या नाकाशी नेली. काकडी म्हणजे या गिनी पिगचा जीव की प्राण. फ्रिजचं दार नुसतं करकरलं तरी ती जाळीला पुढचे पाय लावून घर डोक्यावर घ्यायची. कालपासून फ्रिज कितीदा तरी उघडला, पण ओरडत होती ती फक्त तिची जोडीदारीण ग्रूशा.

"पोटात वारा धरलाय," बोगुमिलने निदान करून टाकलं.

"तू कधीपासून डॉक्टर झालास?" अंड्यांना पुसून चकाकी आणता आणता त्याच्या बायकोने, गेनोवेफाने विचारलं.

"जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्यात मी, गेनिया. कुठे काय अडकलंय ते आवाजावरून कळतं मला."

"हिचा तर आवाजच गेलाय. आता कशावरून ओळखणार?"

बोगुमिलने क्लुस्कापुढे गाजर धरलं. तिने गाजराकडेही पाठ फिरवली.

या दोघी त्यांच्या नातीच्या, पोलाच्या. पोला आणि तिची आई, म्हणजे बोगुमिलची मुलगी इदा, पोलाच्या दुसऱ्या आजी-आजोबांकडे गेल्या होत्या, त्या ईस्टरच्या रविवारी न्याहारीला परत येणार होत्या. पिंजरा घरात आला त्या दिवशी बोगुमिल म्हणाला होता, "उंदीर ते उंदीर, त्यांचे कसले लाड?" पण चारच दिवसांत तो सान नावाच्या नदीच्या बांधावर गुडघे टेकून कोवळा पाला खुडायला लागला. रोज सकाळी दोघींना वजनकाट्यावर बसवायचा, भोपळी मिरचीचे तुकडे भरवायचा आणि कोणी ऐकत नाही असं बघून त्यांना गाणीही म्हणून दाखवायचा. थोडक्यात, दोघींनी म्हाताऱ्याला पुरता खिशात घातला होता.

जाताना पोलाने बजावलं होतं, "आजोबा, हे प्राणी दुखणं लपवतात. खाणं थांबलं की लगेच डॉक्टर. उद्या बघू म्हणायचं नाही हं."

"अगं, तू निर्धास्त जा. मी आहे ना!"

हे 'मी आहे ना' आता त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. त्याने दवाखान्यात फोन लावला. ईस्टरच्या आधीचा शनिवार, म्हणून दवाखाना दुपारपर्यंतच उघडा होता. "दोघींनाही आणा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "मैत्रीण सोबत असली की आजाऱ्याला धीर येतो."

पोलाने प्रवासासाठी प्लास्टिकचा पेटारा ठेवला होता. बोगुमिलने तो उलटासुलटा करून पाहिला आणि नापास केला. "यात हवा कुठे खेळते? वेताची टोपली हवी." मग त्याने माळ्यावरून टोपली काढली, तळाशी गवत पसरलं, दोघींना बसवलं, वाटेत मन झालंच तर असावं म्हणून ते गाजर ठेवलं आणि अंधारात जीव शांत राहतो म्हणून वरून पांढराशुभ्र, लेसचा रुमाल घट्ट खोचला.

गेनोवेफाची तशीच टोपली, तसाच रुमाल दाराजवळच्या बाकावर आधीच होता. त्यात अंडी, सॉसेज, हॅम, मीठ, पाव, लोण्याचं घडवलेलं छोटं कोकरू आणि मुळ्यासारख्या झणझणीत कंदाच्या किसाची बाटली होती. चर्चमध्ये नेऊन त्यावर फादरच्या हातचं पवित्र पाणी शिंपडून आणायचं आणि रविवारी सकाळी त्यातलं अंडं वाटून खाल्ल्याशिवाय कोणी दुसऱ्या घासाला हात लावायचा नाही, असा त्या गावाचा रिवाज.

"तुझी टोपली माझ्याशेजारी ठेवू नकोस," गेनोवेफा म्हणाली.

"सॉसेज आणि गिनी पिग यांतला फरक कळतो मला," बोगुमिल म्हणाला, आपली टोपली तिथेच टेकवली आणि बुटांच्या नाड्या बांधायला आत गेला.

तेवढ्यात जिन्यातून वरच्या मजल्यावरच्या स्टेफानियाबाईंची हाक आली, "गेनोवेफा, चल लवकर, अकराचा शेवटचा आशीर्वाद आहे!" गेनोवेफाने हाताला लागली ती टोपली उचलली आणि पळाली. बोगुमिल बाहेर आला, तेव्हा बाकावर एकच टोपली होती. एकच असल्यावर चुकायचा प्रश्न येतो कुठे?

रस्त्यात अख्खं गाव टोपल्या घेऊन चाललं होतं. बोगुमिल मात्र उलट्या दिशेने चालत टोपलीची समजूत काढत होता. "घाबरू नकोस, बाळा. डॉक्टरबाई हलक्या हाताच्या आहेत." आतून हूं नाही की चूं नाही. किती सोशिक जनावर, असं म्हणत त्याने टोपली आणखी अलगद धरली.

दवाखान्यात एक गृहस्थ पिंपासारखा फुगलेला आखूडपायी कुत्रा घेऊन बसले होते. "तुमची खात नाही म्हणता? आमच्या बॅरनचं उलटं. दिसेल ते गिळतो. तेवढ्यासाठीच आणलाय."

मग बोगुमिलची पाळी आली. त्याने टोपली टेबलावर ठेवली आणि छाती काढून माहिती दिली. "कालपासून निपचित पडून आहे. लेंड्या नाहीत. हाक मारली तर ओ देत नाही. माझ्या मते वारा धरलाय."

डॉक्टर कोर्नेलियांनी रुमाल उचलला.

"बोगुमिलसाहेब, हे सॉसेज आहे."

"काय म्हणता?"

"आणि हे हॅम. दोघांची प्रकृती उत्तम दिसतेय."

बोगुमिलने आत पाहिलं. लोण्याचं कोकरू त्याच्याकडे मिरीच्या डोळ्यांनी बघत होतं. क्षणभर त्याला काही सुधरेना, आणि मग सगळं एकदम उमगलं. "दवाखाना बंद करू नका!" एवढं ओरडून त्याने टोपली बाहेरच्या खुर्चीवर टाकली आणि चर्चच्या दिशेने धूम ठोकली.

चर्चमध्ये लांबलचक टेबलांवर टोपल्यांची रांग लागली होती. सगळ्या वेताच्या, सगळ्यांवर पांढरे रुमाल. गेनोवेफा पार पलीकडच्या भिंतीशी डोळे मिटून उभी. प्रार्थना चालू असताना हाक कशी मारायची? बोगुमिल वाकला आणि एकेक रुमाल उचलून आत डोकावू लागला. पहिल्यात सॉसेज, दुसऱ्यात सॉसेज, तिसऱ्यात सॉसेज.

"अहो, लाज नाही वाटत?" एक बाई फिस्कारल्या. "आज उपास आहे! उद्यापर्यंत कळ काढा की!"

"मी खायला शोधत नाहीये. मला गिनी पिग हवाय!"

"ईस्टरला? गिनी पिग?" बाईंनी आपली टोपली छातीशी धरली.

फादर सिप्रियान पाणी शिंपडत जवळ येत होते. थंड थेंब उडाले आणि एका टोपलीतून कर्कश आवाज घुमला, "कुंईईई!" ग्रूशाचा आवाज. फादरचा हात हवेतच राहिला. सगळ्या माना वळल्या. रुमाल हलला, बाजूला सरकला आणि त्यातून क्लुस्काचं तांबूस डोकं वर आलं.

शेजारच्याच टोपलीत स्टेफानियाबाईंचं अळीव होतं. कापसावर उगवलेलं, हिरवंगार, कोवळं. दरवर्षी ते दाट येतं याचा बाईंना केवढा अभिमान! क्लुस्काने नाक हलवलं, मान लांब केली आणि एक कोंब ओढला. मग दुसरा.

"माझं अळीव!" स्टेफानियाबाई झेपावल्या.

"कोणी हलू नका!" बोगुमिलने दोन्ही हात पसरले. त्याचा आवाज सगळ्या चर्चभर गेला. "कालपासून पोटात काही नाही तिच्या. खातेय ती! खाऊ द्या हो, मी पाया पडतो तुमच्या!"

कोणी हललं नाही. अख्खं गाव एका गिनी पिगचं चघळणं ऐकत उभं राहिलं. गेनोवेफाने डोळे उघडले, आपली टोपली ओळखली आणि पुन्हा मिटून घेतले. अळिवाचा अर्धा गालिचा साफ झाल्यावर फादर सिप्रियान खाकरले. "देवाचीच लेकरं," ते म्हणाले आणि त्यांनी दोघींवर भरपूर पाणी शिंपडलं.

बोगुमिल टोपली छातीशी धरून दवाखान्यात परतला. डॉक्टरबाईंनी क्लुस्काचं तोंड उघडून आत दिवा धरला.

"वारा नाही धरलेला. मागची दाढ वाढून जिभेला टोचतेय. कडक काही चावता येत नाही बिचारीला. मऊ पाला तेवढा जातो."

"अडकलंय, हे तर मी म्हणालोच होतो," बोगुमिल म्हणाला. "मजला फक्त चुकला."

थोडी गुंगी देऊन दाढ घासली गेली. क्लुस्का डोळे उघडेपर्यंत बोगुमिल दाराबाहेर उभा राहून मनातल्या मनात तीच गाणी म्हणत होता. आता पिचकारीने पातळ खाणं भरवायचं, रात्रीसुद्धा, आणि उद्या एखाद्या भाजीची पातळ चकती चावून बघू दे, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. "उद्यापर्यंत स्वतःहून चावायला लागली तर जिंकलो. नाहीतर ताबडतोब फोन करा."

निघताना त्याला खुर्चीवरच्या टोपलीची आठवण झाली. खुर्चीवर टोपली होती. टोपलीत काचेची बंद बाटली होती. बाकी काही नव्हतं. जमिनीवर बॅरन समाधानाने ढेकर देत आडवा पडला होता, आणि त्याचे मालक छताकडे बघत होते.

"अंडीसुद्धा?" घरी गेनोवेफाने विचारलं.

"टरफलांसकट."

गेनोवेफा खुर्चीत बसली. घरात अंड्यांना तोटा नव्हता, पण आशीर्वादाचं एकही नव्हतं आणि शेवटचा आशीर्वाद होऊन गेला होता. स्टेफानियाबाईंकडे मागावं, तर अळीव फस्त केल्यावर कोणत्या तोंडाने? "इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. बोगुमिलला फार वाईट वाटलं. तो पिचकारी भरायला गेला.

रविवारी सकाळी पोला दारातूनच ओरडली, "आजोबा, माझ्या मुली कशा आहेत?"

बोगुमिलने सगळं सांगितलं, पेटाऱ्यापासून ढेकरेपर्यंत. पोलाने क्लुस्काला मांडीवर घेतलं. तिचा चेहरा उतरला होता. "स्वतःहून काही खाल्लं?"

"अजून नाही," बोगुमिल हळूच म्हणाला. 'मी आहे ना' म्हणायची त्याला हिंमत झाली नाही.

सगळे टेबलाभोवती उभे राहिले. मध्ये रिकामी बशी. वाटायला काही नाही, म्हणून कोणी सुरुवात करेना. तेवढ्यात गेनोवेफाने मान वर केली.

"बोगुमिल, त्या टोपलीत या दोघींशिवाय काय होतं?"

"गवत. आणि एक गाजर."

"पाणी कशाकशावर पडलं?"

बोगुमिल धावतच जाऊन गाजर घेऊन आला. एका टोकाला ग्रूशाच्या दातांच्या खुणा होत्या. गेनोवेफाने ते बशीत ठेवलं आणि अंडं कापावं तितक्याच गांभीर्याने त्याच्या पातळ चकत्या केल्या. सर्वांनी एकमेकांना आरोग्य चिंतलं आणि आपापली चकती खाल्ली. उरलेली एक पोलाने क्लुस्कापुढे धरली.

क्लुस्काने हुंगलं.

कर्र. कर्र, कर्र.

बोगुमिल चटकन खिडकीकडे वळला आणि बाहीने डोळे पुसू लागला.

"काय झालं, बाबा?" इदाने विचारलं.

"छे, काही नाही. त्या बाटलीतला किस फार झणझणीत आहे यंदा."

"आजोबा," पोला म्हणाली, "झाकण अजून उघडलेलंच नाही."