अभिमननानांची पातीची भिंत

पहिलं बक्षीस आपलंच, हे अभिमननानांनी स्पर्धेचा फॉर्म भरायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. धरणगावच्या निसर्ग मंडळानं 'हिरवं घर' स्पर्धा काढली, आठ घरांनी नावं दिली, आणि नाना उरलेल्या सात जणांची कीव करत हिंडू लागले. कुंड्या काय, कुणीही ठेवतं. नानांच्या घराची पश्चिमेकडची अख्खी भिंत हिरवी होणार होती, खालपासून गच्चीपर्यंत.

आणि झालीही! तीस वर्षं नानांनी शेतोशेत ठिबकच्या नळ्या टाकल्या होत्या, त्यामुळे भिंतीवर पाणी चढवणं त्यांना अवघड नव्हतं. शेजारच्या असलम वेल्डरनं लोखंडी सांगाडा करून दिला. त्यावर मातीच्या काळ्या पिशव्यांच्या अकरा ओळी चढल्या. नर्सरीवाल्यानं शोभेची झाडं दाखवली तेव्हा नानांनी नाक मुरडलं. जे खाता येत नाही, त्याला पाणी कशाला घालायचं? त्यांनी कांद्याची पात लावली. थंडीत ती अशी तरारली की रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून बघत. नाना समोरच खुर्ची टाकून बसत. कुणी कौतुक केलंच तर ऐकायला माणूस हवा ना.

परीक्षक रविवारी येणार होते. नानांनी त्याच दिवशी भरिताचा बेत ठेवला आणि आनंदाच्या भरात अख्ख्या गल्लीला आमंत्रण दिलं. परीक्षकांना आणायला निघताना त्यांनी चुलीशी जमलेल्या बायकांना बजावलं, "पात बाजारातून आणायची नाही. घरची आहे. हात आखडू नका." नानांच्या मनात होती सगळ्यात खालची एक ओळ. ती मनातच राहिली.

आता खानदेशात भरिताला पात किती लागते, हे का नानांना कुणी सांगायला हवं? घोटताना लागते ती वेगळी, तोंडी लावायला कच्ची लागते ती वेगळी. शिवाय पंगत साठ जणांची! भरिताच्या बाबतीत गल्लीत तानुबाईचा शब्द चाले. तिनं खालची ओळ कापली, मग दुसरी, मग तिसरी. हात पुरेना तेव्हा असलमनं शिडी आणली आणि स्वतः धरून उभा राहिला. नानांनीच सांगितलंय म्हटल्यावर विचारायचं काय? नानांच्या बायकोला, भिकुबाईंना, एकदा वाटलं की थांबवावं. पण 'नानांकडे भरिताला पात कमी पडली' असं गल्लीनं म्हटलेलं त्यांना खपलं नसतं.

नाना तीन परीक्षकांना घेऊन पुढच्या, पूर्वेच्या दारानं आले; तिथून भिंत दिसत नव्हती. उपाशीपोटी माणूस मार्क कमी देतो, असं त्यांचं पक्कं मत. म्हणून आधी पंगत, मग भिंत. वाफाळतं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ताटात हिरवीगार पात. मुख्य परीक्षक बाईंनी तीनदा वाढून घेतलं. पात फार कोवळी आहे म्हणाल्या. नानांची छाती फुगली.

"घरची आहे. चला, दाखवतो."

सगळे पश्चिमेला वळले. भिंतीवर काळ्या पिशव्यांच्या अकरा ओळी होत्या आणि पिशव्यांत बोटभर खुंट. शिडी अजून सगळ्यात वरच्या ओळीला टेकलेली होती. चार महिने जिवापाड जपलेली भिंत गल्लीनं साठ ताटांत संपवली होती.

"तुम्हीच सांगेल व्हतं ना नाना, हात आखडू नका," तानुबाई म्हणाली. "बठ्ठी लागी गयी, अकराच्या अकरा ओळी."

परीक्षक बाईंनी कागद काढला आणि लिहिलं, 'हिरवी भिंत आढळली नाही.' ते वाचून मात्र नानांना राहवलं नाही.

"आढळली नाही कसं लिहिता, ताई? तीनदा वाढून घेतली ना तुम्ही."

बाई लाजल्या. थोडा विचार करून त्यांनी त्याच ओळीपुढे आणखी दोन शब्द लिहिले आणि सही केली.

आठ घरांत नानांचा नंबर आठवा आला. पण तो कागद त्यांनी फ्रेम करून बैठकीत लावलाय. आल्यागेल्याला ते अभिमानानं शेवटचे दोन शब्द वाचून दाखवतात, 'चव उत्तम'. आधीच्या शब्दांवर तेवढा वेळ त्यांचा तळहात असतो.