गच्चीवरचा कंद

दुपटी आणि चामडं एकाच गच्चीवर वाळत घालू नयेत, हे मोहिनीला कळत होतं. पण बबडीला दात येत होते, अंग कोमट लागत होतं, पोरगी काखेतून खाली उतरायला तयार नव्हती, आणि चामड्याला थांबायला सवड नव्हती. म्हणून शनिवारी सकाळी तिनं सहा दुपटी दोरीवर टाकली आणि त्यांच्या आडोशाला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, ओल्या फडक्याखाली ती वस्तू ठेवली.

वस्तू म्हणजे होल्स्टर. कमरेला पिस्तूल अडकवायचं चामडी कव्हर. मोहिनीचा नवरा गोकुळ जुन्नरच्या बाजारात मोटरसायकलची सीट कव्हरं शिवायचा. त्याच्याजवळ बसून ती हातशिलाई शिकली, आणि आता तिचा टाका त्याच्यापेक्षा सरळ पडतो, हे गोकुळ घरात कबूल करायचा, दुकानात नाही. हे होल्स्टर मात्र कापण्यापासून शिवण्यापर्यंत तिचं एकटीचं होतं. रविवारी मंचरला हौशी नेमबाजांची मॅच होती. धावत यायचं, कमरेचं छऱ्याचं पिस्तूल उपसायचं आणि पत्र्याचे पाच डबे पाडायचे. तिथं चारचौघांना होल्स्टर आवडलं तर मोहिनीला स्वतःच्या नावावर काम मिळणार होतं. नाहीतर सीट कव्हरं होतीच.

अडचणी दोन होत्या. पहिली अशी, की ओलं चामडं पिस्तुलावर चढवून दर पंधरा मिनिटांनी अंगठ्यानं दाबत दाबत वाळवावं लागतं, तेव्हा कुठं ते आकार धरतं. म्हणजे त्या फडक्याखाली, प्लास्टिकात गुंडाळलेलं, छर्रे काढलेलं, पण खरंखुरं पिस्तूल होतं. दुसरी अडचण म्हणजे घर मोहनलालशेठचं होतं. खोली देताना त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनी एकच अट घातली होती: मांस, मच्छी, अंडं आणि चामडं घरात येणार नाही. चपलासुद्धा जिन्याखाली.

आणि पिस्तूल होतं त्यांच्याच मुलाचं, पारसचं. पिस्तुलाला मंगलाबाईंची हरकत नव्हती. पोरगा कागदाला भोकं पाडतो, पाडू दे. चामड्याचा विषय मात्र आईपुढं काढायची हिंमत पारसला सव्वीस वर्षांत झाली नव्हती.

“वहिनी, आईला कळलं तर तुमची खोली जाईल,” तो म्हणाला होता.

“आन् तुमचं काय जाईल?”

“जेवण.”

दहाच्या सुमाराला जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला. गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी मोजत मंगलाबाई मिरच्या वाळत घालायला वर आल्या. मिरच्या पसरून झाल्या आणि त्यांची नजर टाकीखाली गेली. फडकं वाऱ्यानं अर्धं सरकलं होतं.

“काय गं ते? तपकिरी तपकिरी?”

मोहिनीनं बबडीला दुसऱ्या काखेला घेतलं. काय सांगितलं म्हणजे या बाई हात लावणार नाहीत? जमिनीखाली वाढलेलं काहीच त्या खात नाहीत, एवढं एकच तिला त्या क्षणी आठवलं.

“कंद हाये काकू. घाटघरचा. आमच्या बाबांनी धाडलाय.”

मंगलाबाईंनी पदर आवरला आणि दोन पावलं मागं सरल्या. मोहिनीचा जीव भांड्यात पडला.

“त्याच्यावर चकाकतंय काय?”

चकाकत होतं ते भिंग. पिस्तुलावर पारसनं नवीकोरी नेमाची काच बसवली होती. तिच्यातून पाहिलं की छर्रा लागणार तिथं लाल ठिपका दिसायचा.

“कोंब फुटलाय,” मोहिनी म्हणाली.

“काचेसारखा?”

“डोंगरातलाय ना काकू.”

“अन् कशावर घेतात हा?”

बबडीच्या दातांवर, असं सांगायचं मोहिनीनं ठरवलं होतं. पण मंगलाबाईंचा हात गुडघ्यावर होता, मोहिनीची नजर त्या हातावर होती, आणि तोंडातून निघून गेलं, “गुडघ्यावर.”

मंगलाबाईंचा चेहरा असा उजळला, की मोहिनीला आपली जीभ तोडून टाकावीशी वाटली.

“खायचा का लावायचा?”

“लावायचा.”

“मग चालेल,” मंगलाबाई म्हणाल्या आणि आल्या त्याच्या दुप्पट वेगानं जिना उतरल्या.

अर्ध्या तासात शेजारच्या सखूबाई सहाण घेऊन हजर झाल्या. सखूबाई तीस वर्षं खानावळीत भाकरी थापत होत्या. त्यांचे तळवे परातीएवढे होते आणि गुडघे कामातून गेले होते.

“मोहिने, एक काप दे. मी उगाळते. मंगलाबाईंचा डावा, माझं दोनी.”

“मावशी, अजून ओला हाये. ओला कापला तर अंगावर फोड येत्यात.”

“मग बसते की. वाळंस्तवर मला कुठं जायाचंय?”

सखूबाई टाकीपाशी बैठक मारून बसल्या. मंगलाबाई समोर खुर्ची टाकून बसल्या. दाबायची वेळ टळून चालली. मोहिनी दुपटी उलटायच्या निमित्तानं जायची, फडक्याखाली हात घालून घाईघाईनं दोन अंगठे टेकवायची, आणि सखूबाई म्हणायच्या, “सारखी काय चाचपती गं? वाळला का?”

बारा वाजले आणि खालून हाक आली, “मोहिने!”

घाटघरहून बाबा आले होते. गेणू. नातीसाठी नाचणीचं पीठ घेऊन, कमरेला कोयता, न सांगता. मोहिनीनं जिन्याकडं धाव घेतली, पण मंगलाबाईंनी कठड्यावरूनच गाठलं.

“गेणूभाऊ, तुमचा कंद लई मोठा निघाला बघा!”

गेणूंना कसलाच कंद माहीत नव्हता. पण डोंगरातल्या कुठल्याही वस्तूबद्दल ‘मला माहीत नाही’ हे वाक्य त्यांनी आजवर उच्चारलं नव्हतं.

“ह्यो तर बारका हाये!” वर येता येता ते म्हणाले. “आमच्याकडं बैलगाडीत मावत न्हाई.”

“बाबा, बबडीला घ्या जरा,” मोहिनी गयावया करत म्हणाली.

“घेतो की. आदी बायांचं काम करतो.” गेणूंनी फडक्यावरून वस्तू दाबली. “वाळलाय. आतनं टणक लागतोय. याची साल काडावी लागती. तुमाला जमायचं न्हाई ते.”

आणि त्यांनी कमरेचा कोयता उपसला.

“बाबा, थांबा!”

“घाबरू नगं. एकाच घावात दोन तुकडं करतो.”

त्याच वेळी पारस गच्चीच्या दारात आला. त्याला कोयता दिसला, कोयत्याखाली फडकं दिसलं, आणि सव्वीस वर्षांची सावधगिरी एका किंकाळीत गेली.

“अहो मामा, माझं पिस्तूल!”

कोयता हवेतच थांबला. सखूबाईंनी फडकं उचललं, वस्तू हातात घेतली, नाकाशी नेली.

“अगं बाई. हे तर चामडं.”

मंगलाबाईंनी आधी गुडघ्याकडं पाहिलं. “मी हे लावणार होते?”

मोहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. “काकू, खोटं बोलले मी. चुकलंच माझं. दुकानात बसून केलं असतं, पण हिला बरं नव्हतं.”

“आई, गच्ची म्हणजे काय घर नाही,” पारसनं खिंड लढवून पाहिली.

मंगलाबाईंनी दुकानात फोन लावला. मोहनलालशेठचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. “गच्चीवर पाणी साठलं तर गळतं कुठं? घरात ना? मग गच्ची घरातच.”

“आत्ताच्या आत्ता हे बाहेर,” मंगलाबाई म्हणाल्या. “खोलीचं उद्या बघते.”

“आत्ता अर्धवट सोडलं तर आकार जाईल, काकू. संध्याकाळपर्यंत दाबायला लागतं. दर पंधरा मिनिटांनी.” मोहिनीनं नकळत अंगठे पुढं केले. दोन्ही सुजून काळेनिळे झाले होते.

मंगलाबाईंनी अंगठे पाहिले. काखेतली बबडी पाहिली. मग बबडीला ओढून स्वतःकडं घेतलं.

“माझ्या घरात नाही म्हणाले मी. सखूबाईंची गच्ची कुठं माझी आहे?”

दुपार मग अशी गेली. सखूबाईंच्या गच्चीवर मोहिनी आणि ते चामडं. मधे हातभर बोळ. अलीकडच्या गच्चीवर मांडीवर बबडी घेऊन मंगलाबाई, समोर घड्याळ.

“पंधरा झाली गं! दाब!”

दोन तासांनी मोहिनीचे अंगठे उठेनात. “सर बाजूला,” म्हणत सखूबाईंनी काम हातात घेतलं आणि भाकरीवर काढायचा तो जोर त्या चामड्यावर काढला. मधेच त्यांचं बोट एका बटणावर पडलं, त्यांनी काचेतून पाहिलं आणि ओरडल्या, “माज्या पातळावर लाल डाग!” काच हलली तसा डाग दोरीवरच्या दुसऱ्या पातळावर गेला. दोन्ही पातळं त्यांनी खरोखरच धुऊन काढली.

संध्याकाळी होल्स्टर तयार झालं. देखणं दिसत होतं.

रविवारी दुपारी मंचरहून पारसचा फोन आला. आवाज पडलेला होता.

“वहिनी, निघालंच नाही.”

“काय?”

“पिस्तूल. धावत गेलो, ओढलं, बसून ओढलं, दोघांनी मला धरून ओढलं. पाचही डबे तसेच उभे. मी शेवटचा.”

मोहिनी भिंतीला टेकली. काम गेलं. आता खोलीही गेली. फोन ठेवणार, इतक्यात पलीकडं दुसरा आवाज आला. नेमबाजांच्या क्लबातले वयस्कर अमृतराव.

“ताई, धावताना तिघांची पिस्तुलं मातीत पडली. माझं त्यातलंच. भिंग फुटलं माझं. ह्या पोराचं पिस्तूल मात्र जागचं हललं नाही. आमच्या क्लबाला सात होल्स्टरं पाहिजेत. घट्ट पाहिजेत. फक्त माणसाला काढता येतील इतपत बघा.”

मोहिनी धावत खाली गेली आणि मंगलाबाईंच्या दारातच थबकली. आत बबडी त्यांच्या मांडीवर झोपली होती. नव्या दाताचं पांढरं टोक ओठाआडून दिसत होतं.

“सात सांगितलीत, काकू,” ती कुजबुजली. “दाबायचं काम सखूमावशीच्या गच्चीवरच करीन. अन्... खोलीचं काय ठरवलंत?”

मंगलाबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. बबडीचं दुपटं सारखं केलं.

“खोली सोडायची नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “तू सखूबाईंकडं राहायला गेलीस तर पोरीला त्याच थोपटतील. त्यांचा हात बघितलास ना?”