प्रदीपचा बिनबोभाट पेनड्राइव्ह

सासऱ्याच्या दुकानात बसून सासऱ्यालाच सोडून जायचा अर्ज भरायचा, तर दुकानाचा कम्प्युटर वापरू नये, एवढी अक्कल प्रदीपला होती. पण पेठेतल्या भीमरावांच्या टॉवेलच्या दुकानात कम्प्युटर तो एकच. म्हणून त्याने पेनड्राइव्ह आणला. त्यात एक अख्खा वेगळा कम्प्युटर मावला होता. लावला की चालू, उपटला की सगळं विसरून मोकळा. मागे ना नाव, ना खूण. टॉवेल मोजून मोजून थकलेल्या प्रदीपला त्या विसरण्याचा हेवाच वाटायचा.

दुपारच्या उन्हात गिऱ्हाईक फिरकत नसे. भीमराव तोंडावर टॉवेल टाकून गाठोड्यांवर आडवे होत. वरच्या मजल्यावर प्रदीपची बायको बुद्धप्रिया शिलाई मशीन चालवत बसे. तेवढ्या वेळात पुण्यातल्या एका गोदामात हिशेबनिसाच्या जागेसाठी प्रदीपने अर्ज टाकला. नवा ईमेल, नवा पासवर्ड. पासवर्ड कुठेही लिहू नका, असं पेनड्राइव्हचा वापर शिकवणाऱ्या व्हिडिओतल्या माणसाने बजावलं होतं. त्याने लिहिला नाही.

आज मुलाखतीचं बोलावणं आलं. चारच्या आत होकार कळवायचा होता. तो 'येतो' असं टाइप करत होता, एवढ्यात माल बांधणाऱ्या नागूबाईने येऊन पेनड्राइव्ह उपटला आणि तिथं छोटा पंखा खुपसला.

"मावशे, काय केलं हे?"

"मालकाला घाम आलाय की. तुमचं ते काय वारं देत नव्हतं."

प्रदीपने पेनड्राइव्ह पुन्हा लावला. कम्प्युटर कबूल केल्याप्रमाणे सगळं विसरला होता. ईमेलचा पासवर्ड मागत होता. दुःख एवढंच, की प्रदीपही विसरला होता.

"कासव..." तो पुटपुटला. "कासव, वांगं..."

"कासव वांगं रिक्षा सात," टॉवेलखालून भीमराव म्हणाले.

दुकानाचा नियम भीमरावांनीच घातलेला. बिल टाइप करताना प्रत्येक शब्द मोठ्याने बोलायचा, म्हणजे बांधणारा चुकत नाही. आता प्रदीपची बोटं तोंडाशिवाय हलतच नसत.

"मामा, तुमी सगळं ऐकलंत?"

"अर्ज बरा झालाय. 'नोकरी सोडण्याचं कारण, मालक चिकट,' एवढं नको व्हतं."

प्रदीपने मान खाली घातली. पुणं गेलं, आता दुकानही गेलं.

भीमराव उठून बसले. "जावईबापू, मी बी लई कटाळलोय ह्या टॉवेलांना. गोदाम हाय म्हंजे वॉचमन लागतच असंल की. माजा बी अर्ज भरा. पर बुद्धप्रियाला कळू देऊ नका. ती दुकान सोडू द्यायची न्हाय."

प्रदीपने पासवर्ड घातला. हळू, पण बोलूनच. चुकला. पुन्हा घातला. पुन्हा चुकला.

वरचं मशीन थांबलं.

"अप्पा," जिन्यावरून बुद्धप्रियाचा आवाज आला, "शेवटी सात न्हाय, नऊ हाय. अन् पुण्याची तिकिटं काढताना माजं बी काढा."