चेहरा सहकार्य करत नाही

उर्मिला तोडकर यांच्या चेहऱ्याविरुद्ध त्यांच्याच फेस क्रीमने रीतसर तक्रार केली, आणि विट्याच्या सौंदर्य तक्रार निवारण मंचात तिची सुनावणी लागली.

उर्मिलाबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवत. रंग सावळा, कपाळावर दोन ठसठशीत आठ्या. त्या आठ्यांचा शाळेला फार उपयोग होता. प्रसाधनांबद्दल त्यांची मतं ठाम होती. पावडर कॅरमबोर्डसाठी असते. लिपस्टिक लावलेली बाई चहा पिताना दिसली की त्यांना कपाची दया येई. फाउंडेशन हा शब्द इमारतीखाली शोभतो. ज्या इमारतीचा पाया वर आलाय, तिच्यात कुणी राहायला जाऊ नये. काजळ तेवढं त्यांना चाले, कारण आपण काळे आहोत हे ते लपवत नाही.

अशा बाईंच्या घरात क्रीम आलं ते नणंदेमुळे. वैशालीवन्संच्या तेजश्रीचं लग्न ठरलं होतं. एका रविवारी वन्संनी काचेची जाडजूड बरणी आणून वहिनीच्या हातात ठेवली.

"वहिनी, राग मानू नका. पण तुम्ही मुलीची मामी, फोटोत पुढे असणार. चेहरा फार दमलेला दिसतो हो तुमचा."

"दमलेलाच आहे. सकाळपासून पेपर तपासतोय तो."

"लाव की गं," उर्मिलाबाईंचे यजमान यशवंतराव वर्तमानपत्राआडून म्हणाले. "वैशूला बरं वाटेल."

वैशूला बरं वाटावं म्हणून उर्मिलाबाई क्रीम लावू लागल्या. ते लोण्यासारखं दिसे आणि चुन्यासारखं बसे. हे त्या रोज आरशासमोर मोठ्याने म्हणत. एका सकाळी बरणी जागेवर नव्हती. ती मंचात गेली होती.

मंचाचं कार्यालय भाजी मंडईच्या वरच्या मजल्यावर होतं. तक्रारदाराच्या खुर्चीत उशी घालून तिच्यावर बरणी ठेवली होती. अधिकारी नाडगौडा यांनी चष्मा पुसला.

"बोला."

"माझ्या झाकणावर जे लिहिलंय, ते सगळं मी केलं," क्रीम मृदू आवाजात म्हणालं. "त्वचेच्या सात थरांखाली जायचा प्रयत्न केला. तिथे कुणी दारच उघडलं नाही. हा चेहरा सहकार्य करत नाही, साहेब. शिवाय या बाई माझ्या तोंडावर मला नावं ठेवतात. परवा म्हणाल्या, हे संपलं की बरणीत लवंगा चांगल्या राहतील."

"असं म्हणालात?"

"म्हणाले," उर्मिलाबाई म्हणाल्या. "बरणी चांगलीच आहे."

मग कुठल्याशा हळदीकुंकवात मिळालेल्या एका लिपस्टिकची साक्ष झाली. मिळाल्यापासून आपल्याला एकदाही उघडलेलं नाही, असं तिने गदगदून सांगितलं.

"तुझं नाव सांग साहेबांना," उर्मिलाबाई म्हणाल्या.

लिपस्टिक ओशाळली. "सनसेट पॅशन."

"आमच्याकडे सूर्य यंत्रमागाच्या शेडमागे मावळतो. त्याचा असला रंग मी अजून पाहिला नाही. त्याला कसली पॅशन असल्याचंही ऐकलं नाही."

काजळाला बाईंच्या बाजूने बोलावलं होतं. पण ते ऐनवेळी म्हणालं, "मला दोघांचंही पटतं. माझं काय, मी दोन्हीकडे पसरणारच." उर्मिलाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की ते डबीत जाऊन बसलं.

निकाल लगेच झाला. चेहऱ्याचा असहकार सिद्ध झाल्यामुळे तो मंचात जमा करावा. पुढचे उपचार मंच करील.

"आणि मी बघू कशाने?"

"डोळे, नाक, तोंड हे अवयव झाले," नाडगौडा समजुतीने म्हणाले. "ते तुमचेच, ते घेऊन जा. चेहरा म्हणजे उरलेलं सगळं. कुंकू अंदाजाने लावत चला. त्याला आमची हरकत नसते."

उर्मिलाबाईंनी चेहरा उतरवला, दोन्ही कडा नीट जुळवून त्याची घडी केली आणि समोरच्या स्टीलच्या ताटात ठेवली. क्रीमने समाधानाचा एक बुडबुडा सोडला.

घरी यशवंतरावांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"जमा केलास?"

"केला."

"पोच घेतलीस ना?"

"घेतली."

"मग ठीक," ते म्हणाले आणि चहाचा कप त्यांनी पुढे सरकवला.

शाळेतही विशेष काही बिघडलं नाही. बाई रागावल्यात की नाही हे मुलींना कळेना, त्यामुळे वर्ग कायमच गप्प राहू लागला. मुख्याध्यापिकांनी इतर शिक्षिकांपुढे त्यांचं उदाहरण ठेवलं. फक्त वेणी घालताना उर्मिलाबाईंची बोटं आपोआप डाव्या गालाकडे जात. तिथे एक तीळ असायचा. तो आपल्याला आवडत होता, हे त्यांना पूर्वी माहीत नव्हतं.

लग्न जवळ आलं तशा वन्सं धावत आल्या.

"वहिनी, लग्नात अशा येणार तुम्ही? विहीणबाई काय म्हणतील?"

"म्हणतील, मामीचा चेहरा कुठाय. सांगा, ऑफिसात आहे."

"माझं मेलीचं जाऊ द्या हो. तेजूसाठी तरी आणा."

तेजूचं नाव निघाल्यावर उर्मिलाबाईंचा इलाज चालेना. दहावीचं वर्षभर ती मुलगी त्यांच्याकडे राहिली होती. भूमिती त्यांच्याकडून शिकली होती आणि रुसली की त्यांच्याच पदरात तोंड खुपसून बसायची. उर्मिलाबाई मंचात गेल्या.

नाडगौडांनी त्यांना आतल्या खोलीत नेलं. भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर ताटंच ताटं. सगळ्या ताटांत गोरे, गुळगुळीत, किंचित आश्चर्यचकित चेहरे.

"यातला माझा कुठला?"

"तिसऱ्या फळीवरचा," नाडगौडा म्हणाले. जरा थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "बहुधा."

उर्मिलाबाई वाकून बघत राहिल्या. आठ्या गेल्या होत्या. तीळ असायचा तिथे गुलाबी धुरळा होता. भुवया दोन्ही सारख्या होत्या, आणि त्यांच्या भुवया जन्मात कधी सारख्या नव्हत्या. त्यांनी बोट लावून पाहिलं. बोटाला पीठ आलं.

"क्रीमचं काय म्हणणं आहे?"

"समाधानी आहे. त्याला बढती मिळाली, आता जिल्ह्याला असतं. चेहरा तुम्ही लग्नापुरता नेऊ शकता. अट एवढीच, की धुवायचा नाही. हसायचं असेल तर बेताने. भेगा पडतात."

उर्मिलाबाईंना वाटलं, आपल्याला राग येईल. पण शेजारची एखादी लेक वाईट घरी पडावी, तसं काहीतरी वाटलं. त्यांनी ताटावरचं फडकं नीट केलं.

"राहू दे इथेच. याला घेऊन चारचौघांत जायची मला लाज वाटेल."

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात सगळ्या बायका इतक्या सारख्या दिसत होत्या, की यशवंतरावांनी सख्खी बहीण समजून परक्याच दोघींना पेढा भरवला. उर्मिलाबाई मात्र दारापासून ओळखू येत होत्या. विहीणबाई त्यांना मुद्दाम येऊन भेटल्या, निरखून पाहून म्हणाल्या, "फारच नैसर्गिक वाटतंय हो. कुठे केलंत?"

"मंडईच्या वर," उर्मिलाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात नवरीच्या खोलीतून बोलावणं आलं. सांगलीहून आणवलेली ब्यूटीशियन सकाळपासून तेजश्रीवर काम करत होती. तेजश्रीने तिला आणि मैत्रिणींना बाहेर काढलं, दाराला कडी घातली आणि ती खुर्चीत बसली. तिच्या जागी कुणीतरी दुसरीच नटून बसावी, तशी ती दिसत होती. आवाज तेवढा तेजूचा होता.

"मामी, मला रडायचं नाही म्हणून सांगितलंय. पाठवणीलासुद्धा. ओघळ येतात म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनीच. आईने, त्या बाईने, फोटोग्राफरने. मघाशी नवरदेवाने खिडकीतून पाहिलं आणि माझ्या मैत्रिणीला विचारलं, तेजश्री कुठाय?"

उर्मिलाबाईंनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. पण कुठे टेकवावेत ते कळेना, सगळीकडे ओला रंग होता. शेवटी त्यांनी तिचे पाय मांडीवर घेतले आणि अवघडलेली बोटं चोळत बसल्या.

"मामी," तेजश्री हळूच म्हणाली, "काढताना दुखतं का गं?"

"नाही. पहिले काही दिवस जरा गार वारा लागतो, एवढंच."

दारावर थाप पडली. मुहूर्त जवळ आला होता. मुलीला बोहल्यावर न्यायला मामा आले होते. तेजश्री शालू सावरत उठली, कडीवर हात ठेवून थांबली.

"ते ऑफिस रविवारी उघडं असतं?"

"नसतं. सोमवारी जा," उर्मिलाबाई म्हणाल्या. "आणि मंडईमागच्या जिन्याने जा. पुढच्या जिन्यावर बायकांची फार रांग असते."

तेजश्रीने जपून मान हलवली, कडी काढली आणि मामाचा हात धरून ती मांडवाकडे निघाली.