समोरच्या मनकर्णेचं बेसन

अमरावतीच्या कापूस बाजारात माझ्यासारखी खानावळ दुसरी नाही, असं मी म्हणत नाही. जेवून उठणाराच म्हणतो! समुद्रापार कुठंसं गोरे आपसात लढायला लागले आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तिवसा, पातूरकडून गाड्यांची रीघ लागली. गाडीवाल्यांनाही भूक लागते, हे अंबादेवीनं सुचवलं ते मला!

माझ्याकडे काही म्हणजे काही वाया जात नसे. छप्पर कडब्याचं, भिंतीचा कूड पऱ्हाट्यांचा, कापूस वेचून उरलेल्या काड्यांचा, पत्रावळी पळसाच्या. चुलीत पऱ्हाट्याच, त्यांच्या राखेनं भांडी घासायची आणि भांड्यांचं पाणी अळूला. वर माझं व्रत! वर्षभर कुणावर आवाज चढवायचा नाही.

एवढं पुण्य गाठीशी असताना समोर मनकर्णाबाई आली. छप्पर कवेलूचं, चांगलं भाजक्या कौलांचं, आवाज असा की तिवश्यातलं तान्हं पोर दचकावं! आणि गर्दी तिच्याकडे! माझ्याकडे माशा, त्याही ताटकळून जात. मी रोज दिवा लावताना हात जोडी, "देवी, मनकर्णेचं भलं कर. पण अकोल्याला कर."

शेवटी आमच्या मालकांना, म्हणजे घरधन्यांना, हेर म्हणून धाडलं.

"बेसनात काय घालते हो ती?"

"एका दिवसात कसं समजंल? उद्या पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी तपास बेसनावरून अंबाडीच्या भाजीवर गेला, मग ठेच्यावर. मालकांचं पोट सुटलं, उत्तर काही सुटेना!

म्हणून मीच दाराआड उभी राहून पाहिलं. गाडी येई तेव्हा गाडीवान पेंगत असे. बैल आपल्या मनानं वळत ते थेट मनकर्णेच्या दारात! तिथं दगडी डोणीत भिजवलेली सरकी आणि उष्ट्या पत्रावळी. बैल खात, गाडीवान जागा होई, आयता दारात आलाय म्हणून जेवायला बसे. म्हणजे बेसनाचा काही संबंधच नाही! गिऱ्हाईक चार पायांचं होतं!

मला तर देवीच पावली. मी मोठ्या कढईत सरकी शिजवली, तीत ज्वारीच्या कण्या टाकल्या, वर गूळ. असा वास सुटला की मलाच मोह झाला! पण बाहेर ठेवली तर मनकर्णा पाहील आणि तीही गूळ टाकील. म्हणून कढई ठेवली आत, चुलीमागे.

बैल वासावर आले. मनकर्णेच्या डोणीवरचेसुद्धा आले! मी आनंदानं हात जोडले. मग लक्षात आलं, ते दारात थांबत नव्हते. आत येत होते. गाड्यांसकट!

पहिल्यानं कूड आडवा केला. दुसऱ्यानं पत्रावळींची चळत पानाच्या विड्यासारखी तोंडात घातली. एका पांढऱ्यानं मान वर करून छप्पर ओढलं.

मी हळूच म्हटलं, "बाबा, जरा मागं सरकतो का रे?"

त्यानं मायेनं माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक पेंढी ओढली.

"अवो, वरडा ना!" मालक बाहेरून ओरडले.

"माझं व्रत आहे," मी पुटपुटले.

"मंग खानावळ गेली समजा!"

गेलीच! वाया न जाणारी खानावळ होती माझी, सगळीच खाण्यासारखी!

तेवढ्यात मनकर्णा काठी घेऊन आली. "हो मांगं! काहून रे, तुह्या बापाचा गोठा हाये काय?" बैल जागच्या जागी थिजले. मालकही मागे सरकले. एकेक गाडी बाहेर निघाली. माझ्या खानावळीची चूल तेवढी उरली, कारण ती मातीची होती.

मी उघड्या आभाळाखाली उभी. मनकर्णेनं माझ्या पदरावरचा कडबा झटकला.

"पार्बताबाई, उपाशीच असान तुमी. चाला, दोन घास खा माह्याकडं."

नाही कसं म्हणणार? आत गेले तर मालक आधीच आपल्या जागेवर बसलेले. हो, जागाच होती त्यांची! आणि तिनं न विचारता त्यांना जास्तीचा ठेचा वाढला.

मी देवीचं नाव घेतलं आणि बेसनाचा घास तोंडात घातला. खोटं बोलणार नाही, मीठ जरा कमीच होतं. खात्री करून घ्यावी म्हणून मी आणखी वाढायला सांगितलं.