बुडावर नाव असलेला डबा

आमच्या धाराशिव जिल्ह्याला जिओकॅशिंग मी शिकवलं, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगायला तोंड राहणार नाही!

खेळ सोपा आहे. जंगलात, डोंगरात एक डबा लपवायचा, त्यात कोरी वही ठेवायची आणि जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. लोक मोबाइल घेऊन शोधत येतात, वहीत सही करतात आणि डबा जागच्या जागी ठेवून जातात. येरमाळ्याच्या मागे डोंगरात एक खडी वाट आहे. झाडी दाट, मुरूम निसरडा, आणि बोरीचे काटे एकदा धरलेला शर्ट सोडत नाहीत. तीन तास चढलं की वर एक कपार. जागा ठरली! प्लॅस्टिकचा डबा उन्हाने तडकतो, म्हणून स्वयंपाकघरातल्या फळीवरून क्लिपचा स्टीलचा डबा उचलला. बायकोला विचारलं नाही. एवढ्या भांड्यांत एक डबा कोण मोजतंय?

गायत्री मोजत होती. तो डबा तिला लग्नात बेंबळीच्या वीरप्पामामांनी दिलेला, आणि मामांनीच तिला लहानाचं मोठं केलेलं. आदल्याच दिवशी वेळ अमावास्या, म्हणजे आमच्याकडचा शेतात जाऊन जेवायचा सण, झाला होता. माझी बहीण शुभांगी शेतातलं जेवण उरकून, सणाची भाज्या-डाळींची पातळ भज्जी बांधून घेऊन सासरी, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला परत गेली होती. गायत्रीने दोन्ही गोष्टी जोडल्या. फोनवर आधी गोड चौकशी झाली, मग आडून बोलणं, मग सरळ. शुभांगी म्हणाली, भज्जी मी माझ्या पातेल्यात नेली. गायत्री म्हणाली, पातेलं मी तरी पाहिलं नाही. आठवडाभरात दोघींचं बोलणं बंद!

खरं सांगायला एक मिनिट पुरलं असतं. पण मग डबा काढून आणावा लागला असता, आणि सोलापूरचे राजपाल सर चौघांना घेऊन पुढच्या रविवारी तो शोधायला येणार होते. म्हणून मी जाहीर केलं की नणंद-भावजयीच्या मधे मी पडत नाही. शेजाऱ्यांनी माझ्या समजूतदारपणाचं कौतुकही केलं.

रविवारी आम्ही चढलो. मी पुढे, वाटाड्याच्या थाटात. राजपाल सरांना दुसऱ्या चढालाच धाप लागली, तरी मोबाइल सोडेनात. कपारीपाशी पोचून त्यांनी आत हात घातला. एक दगड लागला, मग दुसरा. शेवटी मी स्वतः छातीपर्यंत आत शिरलो. डबा नव्हता.

शेळ्या राखणाऱ्या मथुराबाई शेजारच्या खडकावर बसून हे सगळं निवांत पाहत होत्या. काय हुडकताय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"त्यो डबा व्हय? त्यो म्या गुरुवारीच घरी धाडला की," त्या म्हणाल्या. "येरमाळ्याच्या हाटेलवाल्याकडून बुडावरचं नाव वाचून घेतलं. लग्नाची भेट, वीरप्पा कोरे, बेंबळी. अन् दिला कंडक्टरच्या हातात."

तो मुद्दाम ठेवला होता, असं मी म्हणालो.

"लेकीच्या लग्नातला डबा कुणी मुद्दाम डोंगरात टाकतंय व्हय? अन् रिकामा कसा धाडावा? बोरं भरून दिली. वही बी हाय आत."

तेवढ्यात रेंज आली आणि फोन वाजला. गायत्री एवढंच म्हणाली, "मामा आलेत. तुम्ही घरी या."

ती वाट उतरायला दोन तास लागतात. मी तासाभरात उतरलो, त्यातला बराचसा बसून घसरत.

दारात बेंबळीची जीप उभी होती, गायत्रीला घेऊन जायला. पोरीला दिलेली वस्तू डोंगरात फेकलेली सापडते, म्हणजे सासरी काहीतरी बिनसलंय, या काळजीने मामांना दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. वहीच्या पहिल्या पानावर 'अभिनंदन, तुम्ही शोधून काढलंत, इथे सही करा' असं लिहिलेलं. मामा शिस्तीचे. त्यांनी तारीख घालून सही केली होती. अक्षर कुणाचं, हे गायत्रीने त्यांना नुकतंच सांगितलं होतं.

"जावईबापू," मामा म्हणाले, "आमचं काय चुकलं असंल तर तोंडावर सांगायचं हुतं."

मी खेळ समजावून सांगू लागलो. अक्षांशापर्यंत पोचलो तोच शुभांगी दारात! घरात काय चाललंय म्हणून मामांनी सकाळी तिलाही फोन केला होता. डब्याचं भांडण बेंबळीपर्यंत गेलं, असं समजून ती पहिल्या गाडीने निघाली होती. तिने पिशवीतून एक नवाकोरा डबा काढून गायत्रीपुढे ठेवला.

"वहिनी, माझंच चुकलं असंल. पर आता बोला माझ्याशी."

झाकणावर तिने वाशीच्या भांडीवाल्याकडून आधीच कोरून घेतलं होतं: 'गायत्रीवहिनीस, चुकून नेलेल्या डब्याबद्दल, शुभांगी.' तिने काहीच नेलं नव्हतं. घर तुटू नये म्हणून माझी बहीण न केलेली चोरी कबूल करत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गायत्री तिच्या गळ्यात पडून रडली आणि रडता रडता तिने सगळं सांगितलं. शुभांगी माझ्याकडे वळली.

"दादा, तुला ठावं हुतं?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यावर ती पाठ फिरवून मामांसाठी चहा टाकायला आत गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मामांची जीप रिकामीच परत गेली. त्यांचा डबा फळीवर गेला आणि मला ऑफिसचं जेवण रोज त्या नव्या डब्यात मिळू लागलं. मी झाकण पालथं ठेवूनच जेवतो. वरची अक्षरं राखेने घासून पाहिली, तारेच्या घासणीने पाहिली. वाशीचा तो भांडीवाला कामाला फारच चोख आहे हो!