टोपलीत पडल्यास नापास

शाळेच्या मैदानावर तबकडी फेकण्याचा खेळ सुरू करण्यास व्यवस्थापनाची हरकत नसल्याचे खेळाच्या सरांना कळवण्यात आले. तोंडी कळवण्यात आले, आणि तेही जिन्यात. जिन्यात दिलेली परवानगी ही कुणीच न दिलेली परवानगी असते, हे जाणता माणूस ओळखतो. पण सर पडले भोळे. देवाने कान दिलेत ते चांगलं ऐकायला, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी चांगलं तेवढं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी खांब रोवायला घेतले.

मुलं त्यांना शिट्टीसर म्हणत. गळ्यात बारा महिने शिट्टी, पण ती फुंकायची वेळ क्वचित येई, कारण खेळाच्या तासाला बहुधा गणित चालायचं. सरांची त्याबद्दल तक्रार नव्हती. गणित मागे राहिलं की खेळाने थांबायचं आणि खेळ मागे राहिला की कुणीच थांबायचं नाही, ही शाळेची रीत त्यांनी पावसापाण्यासारखी स्वीकारली होती.

खेळाचं नाव डिस्क गोल्फ. नाव भारदस्त, खेळ साधा. खांबावर लोखंडी टोपली, तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. ठरल्या जागेवरून तबकडी फेकायची, पडेल तिथून उचलून पुन्हा फेकायची, असं करत करत टोपलीत पाडायची. ज्याला सगळ्यात कमी फेका लागल्या तो जिंकला. सरांनी नवशिक्याला झेपेल असा आटोपशीर मार्ग आखला: पहिली टोपली सायकलींच्या शेडजवळ, मग पाण्याच्या टाकीमागे, मग प्रयोगशाळेच्या खिडकीखाली, आणि शेवटची कार्यालयासमोर. पळापळ नाही, ढकलाढकली नाही, आणि संघ पाडताना शेवटी कोण उरलं हा प्रश्नच नाही.

हा शेवटचा मुद्दा सरांच्या मनात पहिला होता, कारण शेवटी उरणारी त्यांच्या घरातलीच होती. त्यांची मुलगी याच शाळेत सातवीत. तिला घरीदारी मुंगी म्हणत; मान खाली घालून सरळ रेषेत चालायची म्हणून. संघ पाडताना दोन्ही कप्तान तिच्याकडे असे बघत, जसा दुकानदार फाटक्या नोटेकडे बघतो. आजवरचे सगळे खेळ तिने बाकावर बसून, इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत पाहिले होते.

पहिल्या दिवशी मुंगीने तबकडी हातात घेतली, मनगट जरासं वळवलं आणि सोडली. तबकडी शहाण्या मुलासारखी सरळ गेली. पुढच्या फेकीत साखळ्या खळखळल्या. मुंगी मागे वळली.

"बाबा, हे मी केलं?"

सरांनी शिट्टी फुंकली. ती कशासाठी होती हे कुणाला कळलं नाही, पण मैदानावरची सगळी मुलं क्षणभर सरळ उभी राहिली.

त्या दिवसापासून मुंगी सकाळी हाक मारायच्या आत उठू लागली. तिची आई म्हणाली, "अहो, हिला काय झालंय? वेणी घालताना गुणगुणते." सर म्हणाले, "खेळ सापडलाय तिला. आता दृष्ट नको लागायला."

दृष्ट लागली. ती कार्यालयाच्या खिडकीतून लागली.

"सर, खेळ छान आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. सगळी शाळा त्यांना मोठ्या मॅडम म्हणे. "मुलं हसताना दिसली. मी स्वतः पाहिलं. पण याचं मूल्यमापन कुठंय?"

"मॅडम, खेळ आहे तो."

"म्हणूनच विचारते. शाळेच्या वेळेत जे मोजलं जात नाही, ते घडलेलंच नसतं. उद्या वरून विचारणा झाली की मुलं दुपारी कुठे होती, तर मी काय सांगू? आनंदात होती?"

मूल्यमापनाचं काम परीक्षाप्रमुखांकडे गेलं. हे गृहस्थ सज्जन होते. त्यांच्या खिशातलं लाल पेन कित्येक वर्षं गळत होतं, आणि छातीवर डाव्या बाजूला नेमका काळजाच्या जागी डाग पडला होता. त्यांनी खेळ समजून घेतला आणि पाच मिनिटांत योजना दिली: जितक्या फेका, तितके गुण.

"पण सर, यात कमी फेकांना जास्त किंमत असते," शिट्टीसर म्हणाले.

"कमी ते जास्त?" परीक्षाप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "अहो, आपल्या संगणकात मोठा आकडा म्हणजे हुशार आणि छोटा म्हणजे ढ, असं पक्कं बसवलेलं आहे. तुमच्या चार टोपल्यांसाठी अख्खी शाळा उलटी टांगू का?"

"मग शंभरातून वजा करा."

"वजा?" परीक्षाप्रमुखांचा आवाज कातर झाला. "पोराने उन्हात घाम गाळून मिळवलेल्या फेका, आणि त्या आपण कापायच्या? कुठल्या तोंडाने? मी या खुर्चीत बसून आजवर कुणाचे गुण उगाच कापलेले नाहीत. कापले ते नियमाने."

सहामाहीचा निकाल लागला. मुंगी नापास. सगळ्या वर्गात तिचा आकडा सगळ्यात लहान होता. पहिला आला तो दंतवैद्यांचा मुलगा. याला भोवरा म्हणत. तो एका जागी उभा राहिला तरी भोवतालच्या वस्तू पडत.

दंतवैद्य भेटायला आले तेव्हा आनंदाने त्यांचे सगळे दात दिसत होते. "सर, आमच्या सात पिढ्यांत कुणी खेळाडू झाला नाही. पोराची पहिली फेक शेडच्या पत्र्यावर गेली. तिथून गटारात. तिथून शेजारच्या गच्चीवर. गच्चीला कुलूप होतं. पण गडी हटला नाही. याला म्हणतात चिकाटी."

"तो टोपलीपर्यंत पोचला नाही अजून," सर म्हणाले.

"नाहीच पोचणार," दंतवैद्य अभिमानाने म्हणाले.

यानंतरचं सगळं रीतसर घडलं. टोपलीत तबकडी पडली की गुण मिळणं बंद होतं, हे पालकांच्या ध्यानात यायला कितीसा वेळ लागणार? गावात टोपली चुकवण्याचे खासगी वर्ग निघाले. पाट्या लागल्या: 'भक्कम पाया, हमखास वाकडी फेक.' एका वर्गात मुलांना डोळे बांधून फेकायला लावत. दुसऱ्या, महागड्या वर्गात डोळे उघडे ठेवून. वाऱ्याने ज्यांची तबकडी चुकून टोपलीत पडली, त्यांच्यासाठी सहानुभूतीपूर्वक फेरफेकीची तरतूद झाली. मात्र वारा खरोखर होता याचा दाखला आणायचा होता. पुढे अशीही तक्रार आली की साखळ्यांच्या खळखळाटाने इतर मुलांचं चित्त विचलित होतं आणि त्यांच्याही तबकड्या टोपलीकडे ओढल्या जातात. म्हणून साखळ्यांना जाड फडकी गुंडाळण्यात आली. टोपल्या दुखापत झाल्यासारख्या उभ्या राहिल्या.

संतसज्जन सांगून थकले की बाबांनो, जीव चौऱ्याऐंशी लक्ष फेरे फिरतो तो एकदाचा मुक्कामी पोचावा म्हणून. इथे मुक्कामी पोचला तो नापास, आणि फेऱ्यांतच राहिला त्याचा सत्कार. शाळेला 'अखंड प्रयत्नशील शाळा' म्हणून मानाची ढाल मिळाली. ढाल गोल होती. मुंगीने ती नजरेने तोलून पाहिली आणि बापाने तिचा हात घट्ट धरला.

मग पालकसभा आली. मोठ्या मॅडमनी सरांना बोलावून घेतलं.

"सर, तुमच्या विषयात एक मुलगी नापास आहे. तिच्या पालकांना समज द्या."

"तिचा पालक मीच आहे, मॅडम."

"मला माहीत आहे. म्हणून तर सोपं आहे. शिक्षक म्हणून समज द्या, पालक म्हणून घ्या. आणि जरा कडक द्या. नाहीतर लोक म्हणतील, घरचं माणूस म्हणून सोडलं."

सर खेळाच्या खोलीत गेले. चेंडूंच्या पोत्यांमध्ये दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, आधी एकीत बसले, मग दुसरीत. दुसरीत बसल्यावर मात्र त्यांना उठवेना.

परीक्षाप्रमुख दारातून डोकावले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "सर, मनाला लावून घेऊ नका. वार्षिकला सूट मागा. 'खेळण्यास असमर्थ' असा शेरा मारतो, की मुलगी आपोआप वरच्या वर्गात गेली. बाकावर बसू दे. पूर्वी बसायचीच ना?"

सुट्टीच्या दिवशी सकाळी सर मुंगीला घेऊन मैदानावर आले. त्यांनी तबकडी दोनदा पुसली. शेवटी म्हणाले, "अगं, जरा वाकडी फेकून बघू. थोडीशीच."

"मुद्दाम चुकायचं? ते कसं करतात, बाबा?"

"थांब, मी दाखवतो."

आता सरांची तबकडी आजवर टोपलीत कधी पडलेली नव्हती. खेळ शिकवणं वेगळं आणि खेळता येणं वेगळं, हे त्यांना मान्य होतं. त्यांनी नेम थेट सायकलींच्या शेडवर धरला आणि फेकली. तबकडी पत्र्याला लागली, परतली, आणि शांतपणे टोपलीत जाऊन बसली.

मुंगी हसत सुटली. सरही हसले. हसता हसता मुंगीने टोपलीतून तबकडी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"बाबा, मला नाही जमायचं. मी बाकावर बसते ना. बाटल्या सांभाळीन."

तिने हे रडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती समजूतदारपणे म्हणाली. घरी आल्यावर सरांनी बायकोला सांगितलं, तेव्हा ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "पोरीला सरळ चालायला शिकवायला आपल्याला इतकी वर्षं लागली. वाकडं शिकवायला एक सकाळ पुरेल असं वाटलं होतं तुम्हाला?"

तरीही मुंगी वार्षिक परीक्षेला उभी राहिली. बापाची मान खाली जायला नको, म्हणून. मोजायला सर, देखरेखीला परीक्षाप्रमुख. मुंगी मनापासून चुकली. शेडजवळ चुकली, टाकीमागे चुकली, प्रयोगशाळेच्या खिडकीखाली तर इतकी चुकली की आतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वेळ संपल्याची हाक आली की पुढच्या टोपलीकडे जायचं, पुन्हा चुकायचं. आकडा वाढत होता, आणि पोरीचा चेहरा पिळून टाकलेल्या फडक्यासारखा होत होता.

शेवटच्या टोपलीपाशी ती आली. कार्यालयाची खिडकी उघडी होती. परीक्षाप्रमुखांनी हळूच सुचवलं, "अजून थोड्याच चुका पाहिजेत, बाळा. धीर सोडू नकोस."

सर टोपलीजवळ गेले आणि साखळ्यांवरचं फडकं सोडू लागले.

"सर, हे काय करता?" परीक्षाप्रमुख म्हणाले.

"शिक्षकाला विचारता की पालकाला?" सर म्हणाले. गाठ घट्ट होती; त्यांनी दातांनी सोडवली. मग मुलीकडे वळून म्हणाले, "मुंगी, तुझ्या वाटेने जा."

मुंगीने मनगट जरासं वळवलं आणि तबकडी सोडली.

साखळ्या अशा खणखणल्या की जणू कितीतरी महिने त्यांनी तो आवाज आत दाबून ठेवला असावा. वर्गावर्गांतून माना बाहेर आल्या. मोठ्या मॅडम खिडकीशी उभ्या राहिल्या आणि, खोटं कशाला बोला, त्याही क्षणभर हसल्या. मग इकडे तिकडे पाहून त्यांनी ते हसू मिटवलं. भोवरा सगळ्यात आधी धावत आला. येताना त्याने पाण्याची बादली पाडली.

"ए, असा आवाज कसा काढतात? मला शिकव ना. मला कुणी टोपलीत पाडायला शिकवलंच नाही."

"आधी उभा राहा," मुंगी म्हणाली. "नाही, सरळ. तुला सरळ म्हणजे काय माहितीये ना?"

"तू दाखव."

मुलांनी धावत जाऊन बाकीच्या टोपल्यांचीही फडकी सोडली. संध्याकाळपर्यंत मैदान खळखळत राहिलं. कुणी मोजत नव्हतं. बाकावर नुसत्या बाटल्या होत्या, त्यांना सांभाळायला कुणी नव्हतं, आणि एकही हरवली नाही. शिट्टीसर टाकीच्या कठड्यावर बसून मुलीकडे बघत होते. ती दहा पोरांच्या मधोमध उभी राहून एकेकाचं मनगट वळवून देत होती. सरांनी डोळे मिटले. काही आवाज असे असतात की त्यांच्यापुढे मागायचं काही उरत नाही.

झालं. गोष्ट संपली. पोरीला तिचा खेळ परत मिळाला, बापाला त्याची पोर. याहून गोड शेवट आम्हाला ठाऊक नाही.

पण तुमचं समाधान झालेलं दिसत नाही. ओठांवर काहीतरी घुटमळतंय. विचारा, संकोच करू नका. हेच ना, की ते सगळं ठीक आहे हो, पण शेवटी पोरीला गुण किती पडले? पास झाली की नाही?

परीक्षाप्रमुखांना एक मदतनीस हवाच आहे. उद्यापासून या.